धागा: सीजे३बी जीपची चासी आणि पाटे – मूळ ठेवावं की बदलावं?

रानवाट
गाडी १९६९ ची महिंद्रा सीजे३बी, मूळ पेट्रोल हरिकेन इंजिन. बॉडी उतरवली आहे, चासी (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) उघडी आहे, इंजिन-गिअरबॉक्स बाजूला काढून ठेवलेत. दिसलं ते असं: स्टेअरिंग बॉक्स जिथे बसतो तिथे चासीच्या खालच्या ओठाला (दुमडलेल्या आडव्या कडेला) साधारण ४० मिमीची चीर. मागच्या उजव्या शॅकलच्या (पाट्याचं एक टोक चासीला जोडणाऱ्या हलत्या कडीच्या) ब्रॅकेटपाशी रिव्हेट सैल आणि भोक लांबट झालेलं. पुढचे पाटे (लीफ स्प्रिंग) सपाट पडलेत. गाडी रविवारची, कोकणातले घाट आणि थोडा कच्चा रस्ता, दगडधोंड्यांत चढवायची नाही.

गॅरेजवाल्यांकडून चार सल्ले आलेत: १) मूळ मापाचे नवे पाटे, २) पाटे अ‍ॅक्सलच्या वर घेऊन गाडी उचलणं, ३) नंतरच्या मोठ्या गाड्यांचे रुंद पाटे, ४) पुढे कॉइल स्प्रिंग. सोबत 'चासी पूर्ण बॉक्स करून टाका', म्हणजे तिची उघडी बाजू पत्र्यानं बंद करा, हेही. जाणकारांनी कारणासकट सांगावं.

ओळंबा
पाट्यांचा निर्णय नंतर. आधी चासी सरळ आहे का ते बघा. वाकड्या चासीवर कितीही महाग पाटे घातले तरी गाडी एका बाजूला ओढणारच.

सपाट कोब्यावर चासी चार स्टँडवर ठेवा आणि पाण्याच्या लेव्हल पाइपनं चारही टोकं एका उंचीला आणा. मग पाट्यांचे पिन जिथे बसतात त्या प्रत्येक भोकातून ओळंबा सोडा आणि जमिनीवर खडूनं खूण करा. पुढचे दोन पिव्हट (पाट्याचं पक्कं टोक), पुढचे दोन शॅकल, मागचे दोन पिव्हट, मागचे दोन शॅकल, अशा आठ खुणा होतील. चासी बाजूला सारा आणि खुणांवर काम करा. लोखंडावर टेप धरून मोजण्यापेक्षा हे कितीतरी भरवशाचं, कारण मध्ये क्रॉस मेंबर आडवे येत नाहीत.

कर्ण मोजा: पुढचा डावा पिव्हट ते मागचा उजवा पिव्हट, आणि उलट. फरक ३ मिमीपर्यंत असेल तर पुढे जा. ६ मिमीच्या वर असेल तर चासी चौकट राहिलेली नाही, आधी ओढून सरळ करून घ्या. मग डाव्या आणि उजव्या बाजूचं पुढचा पिव्हट–मागचा पिव्हट अंतर ताडून बघा, हे दोन्ही सारखेच यायला हवेत. या गाडीचा व्हीलबेस ८० इंच, म्हणजे २०३२ मिमी. एवढ्या तोकड्या गाडीत एका बाजूला ५ मिमीची चूकही स्टेअरिंगमध्ये जाणवते.

शेवटी पीळ. दोन सरळ अँगल घ्या, एक पुढे आणि एक मागे, चासीवर आडवे टाका आणि मागून एका डोळ्यानं बघा. दोन्हींच्या कडा समांतर दिसल्या पाहिजेत. एक टोक वर उचललेलं दिसलं तर चासीला पीळ आहे. बंपरला धडकलेल्या गाड्यांत पुढची दोन शिंगं आत किंवा खाली वळलेली असतात, तीही याच वेळी कळतात.

ठिणगी
चिरेबद्दल. आधी ती नेमकी कुठे संपते ते शोधा. रंग पूर्ण काढा, डाय पेनिट्रंटचा (चिरेत शिरून ती दाखवणाऱ्या रंगाचा) तीन डब्यांचा संच आणा: साफ करायचा, लाल, पांढरा. लाल मारून १०-१५ मिनिटं थांबा, पुसा, पांढरा मारा. डोळ्याला ४० मिमी दिसणारी चीर पुष्कळदा ५५-६० निघते.

१. खऱ्या टोकाच्या १-२ मिमी पुढे ५ ते ६ मिमीचं भोक पाडा. हे विसरलात तर वेल्डिंगच्या कडेनं चीर पुढे सरकणार.
२. ग्राइंडरनं चिरेवर व्ही खाच काढा, पूर्ण जाडीपर्यंत, बुडाशी दीड-दोन मिमी फट ठेवून. वरवर मणी ओढलेलं वेल्डिंग म्हणजे चीर झाकणं, जोडणं नव्हे.
३. वेल्डिंग रॉड ७०१८, २.५ मिमी. डबा उघडा पडला असेल तर २५०-३०० अंशांवर तास-दोन तास भाजून घ्या. पावसाळ्यात न भाजलेला ७०१८ वापरू नये, त्यातली ओल वेल्डमध्ये हायड्रोजन सोडते आणि वेल्ड थंड झाल्यावर आतून तडकतो. सीओटू मशीन असेल तर ०.८ मिमीची तार चालते, आर्गॉन-सीओटू मिश्रणावर जास्त नीट.
४. वेल्ड घासून सपाट करा आणि पुन्हा डाय मारा.
५. मग वरून पट्टी. पट्टी चौकोनी नको. चौकोनाची उभी कड चासीच्या ओठावर आडवी वेल्ड झाली की पुढची चीर नेमकी तिथून निघते. पट्टी शंकरपाळ्याच्या आकाराची कापा, टोकं लांब आणि निमुळती. वेल्ड चासीच्या लांबीच्या दिशेनं जाऊ द्या, ओठाच्या काठापासून १५ मिमी अलीकडे थांबवा. पट्टीत १० मिमीची तीन-चार भोकं पाडून ती प्लग वेल्डनं भरा.

पट्टीची जाडी चासीच्या पत्र्याएवढीच. दुप्पट जाडीची पट्टी लावली तर तो भाग ताठ होतो आणि पट्टी संपते तिथे ताण गोळा होतो. साधं आय.एस. २०६२ पोलाद पुरेसं आहे.

पत्रा किती उरलाय हे अल्ट्रासॉनिक मीटरनं मोजा. निरोगी जागा, म्हणजे मधल्या भागाची उभी भिंत, तिथली जाडी तुमची मूळ जाडी. कुठेही तिच्या पाऊणपेक्षा कमी उरली असेल तर तो तुकडा कापून नवा घाला. गंजलेल्या पत्र्यावर पट्टी मारली की दोन पत्र्यांमध्ये पाणी बसतं आणि पाच-सहा पावसाळ्यांत दोन्ही जातात.

लांबट झालेलं रिव्हेटचं भोक वेल्डनं भरून पुन्हा पाडू नका. रीमरनं पुढच्या मापाला गोल करा आणि १०.९ ग्रेडचा बोल्ट घाला, जो भोकात हातानं दाबून, घट्ट जाईल. सैल भोकात कितीही आवळलेला बोल्ट सरकतोच. आणि त्या ब्रॅकेटचा एक रिव्हेट सैल असेल तर त्याचे सगळेच काढा, बाकीच्यांनीही ताण खाल्लेला असतो.

रानवाट
सविस्तर माहितीबद्दल आभार. एक शंका: एवढं सगळं उघडं असताना चासी पूर्ण बॉक्स करून टाकली तर पुन्हा चीर जाणार नाही ना?

ओळंबा
उलट होण्याची शक्यता जास्त. इंग्रजी सी आकाराचा पत्रा वाकण्याला ताठ असतो, पण पिळाला मऊ. जुन्या जीपमध्ये हे जाणूनबुजून आहे: एक चाक खड्ड्यात गेलं की थोडं पाटे वळतात, थोडी चासी पिळते. चौथी बाजू बंद केली की पिळाचा ताठपणा अनेक पटींनी वाढतो. मग तो पीळ जातो कुठे? क्रॉस मेंबरच्या सांध्यांवर, बॉडी माउंटवर, विंडशील्डच्या बिजागरांवर. चासी शाबूत राहते आणि टबच्या, म्हणजे बॉडीच्या, पत्र्याला चिरा पडतात.

बॉक्सिंग दोनच जागी करा: स्टेअरिंग बॉक्सच्या मागेपुढे मिळून साधारण ३०० मिमी, आणि मागच्या शॅकल ब्रॅकेटपाशी १५०-२०० मिमी. ३ मिमी पत्रा, दोन्ही टोकं माशाच्या शेपटीसारखी कापलेली, म्हणजे ताठपणा एकदम न संपता हळूहळू कमी होतो. वेल्ड ३०-३० मिमीचे टाके, एकदा वर, एकदा खाली, समोरासमोरच्या टोकांना, मध्ये थंड होऊ देत. सलग ओढलात तर चासी केळ्यासारखी वळेल आणि आधीचं सगळं मोजमाप वाया जाईल. तळाला १२ मिमीची निचऱ्याची भोकं ठेवाच, वेल्डिंग झाल्यावर त्यातूनच आत मेणाचा फवारा मारायचा. कोकणच्या खाऱ्या हवेत बंद डबा आतून गंजतो आणि बाहेरून काही दिसत नाही.

चासीवर गरम झिंक करून घ्या असंही कुणीतरी सुचवेल. ते साधारण ४५० अंशांच्या रसात बुडवणं आहे. एवढी लांब, पातळ चासी त्यात वाकू शकते. ब्लास्टिंग, इपॉक्सी प्रायमर, वर टू-के (दोन घटकांचा) रंग, एवढं पुरेसं.

कमानदार
आता पाटे. आधी मूळ मापं: पाट्याची रुंदी १ पूर्णांक ३/४ इंच (४४.५ मिमी), पुढचा पाटा डोळ्यापासून डोळ्यापर्यंत सरळ केल्यावर ३६ १/४ इंच, मागचा ४२ इंच. ही लांबी आणि रुंदी बदलता येत नाही. आपल्या हातात आहेत पाट्यांची संख्या, जाडी आणि कमान.

पाटा किती ताठ हे संख्येच्या सरळ प्रमाणात ठरतं, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात. ६ मिमीऐवजी ७ मिमीचा पाटा घातला तर तो एक पाटा सुमारे १.६ पट ताठ होतो. पाटेवाल्यांकडे हाताशी जाड पट्टी असते आणि 'तेवढंच आहे' म्हणत ती घालतात. तिथेच गाडी टणक होते. मूळ पाटा मायक्रोमीटरनं मोजा, गंज न लागलेल्या जागी, आणि नवा त्याच जाडीचा मागा.

ताठपणा ठरवायला गाडी वजनकाट्यावर न्या. पुढची चाकं काट्यावर, मग मागची, टाकी भरलेली, चालक बसलेला. त्यातून अ‍ॅक्सल आणि चाकांचं वजन वजा केलं की पाट्यांवरचं वजन मिळतं. त्या वजनाखाली पाटा ५० मिमी दबत असेल तर गाडी सेकंदाला सव्वादोन वेळा हेलकावते, मणक्याला कळतं. १०० मिमी दबत असेल तर दीड-एक वेळा, म्हणजे बरीच सुखद. पण या चासीत एवढी जागा नाही. ६५-७५ मिमी धरून चला.

तुमचं मूळ पेट्रोल इंजिन आहे हे चांगलं. ट्रॅक्टरचं डिझेल बसवलेल्या गाड्यांना पुढे जादा पाटे घातलेले असतात, आणि पुढे कुणी पेट्रोल परत बसवलं तरी ते पाटे तसेच राहतात. तुमच्या पुढच्या पाट्यांची संख्या आधी मोजून घ्या.

जुने पाटे ठोकून कमान चढवून घेऊ नका. थंड ठोकलेली कमान काही महिन्यांत उतरते. करायचंच तर पाटा ८५०-८८० अंशांपर्यंत तापवून, कमान देऊन, तेलात बुडवून, पुन्हा ४५०-५०० अंशांवर पाणी उतरवलेलं (टेम्पर केलेलं) हवं. भट्टीला तापमापक नसेल त्या दुकानात हे काम देऊ नये. नवे घेतले तर ईएन ४५ किंवा एसयूपी ९ पोलादाचे. पुण्यात नाना पेठेत आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या जीपचं सामान मिळतं, पण दुकानदार 'जीपचे पाटे' म्हणून ६३ मिमी रुंदीचेही काढून देतो, तेव्हा स्केल सोबत ठेवा.

बारीक दोन गोष्टी. प्रत्येक पाट्याची टोकं खालच्या अंगानं गोल घासून घ्या, नाहीतर टोक वरच्या पाट्यात चर पाडतं आणि तिथेच तो तुटतो. पाट्यांमध्ये ऑइल ओतू नका, धूळ धरून त्याची पॉलिश पेपरसारखी घासणारी लुगदी होते. जुळवतानाच ग्राफाइट ग्रीसचा पातळ हात द्या.

घाटमाथा
मला पर्याय २ एवढा वाईट वाटत नाही. पाटे अ‍ॅक्सलच्या वर घेतले की सपाट कमानीचे मऊ पाटे वापरता येतात, चाक जास्त खाली उतरतं, मोठे टायर बसतात. खर्चही फक्त पर्च (अ‍ॅक्सलवरची पाट्याची बैठक) आणि यू-बोल्टचा.

कमानदार
पाटे मऊ ठेवता येतात हे बरोबर. पण खर्च तिथे थांबत नाही. अ‍ॅक्सलची नळी आणि पाट्यांची थप्पी मिळून गाडी साधारण ५ इंच उचलली जाते. मागचा प्रॉपेलर शाफ्ट या गाडीत मुळातच आखूड. ५०० मिमी धरला तरी १२५ मिमी उंचीनं त्याचा कोन १४ अंशांनी वाढतो. साधा क्रॉस (शाफ्टचा वळता सांधा) एवढ्या कोनात थरथरतो आणि लवकर जातो. मग डबल क्रॉसचा शाफ्ट, मग डिफरन्शियलचं तोंड वर वळवणं, मग ब्रेकचे लांब होज, लांब शॉकअप.

सगळ्यात गंभीर म्हणजे तोल. चाकांतलं आडवं अंतर साधारण ४८ इंचच आहे. गुरुत्वमध्य ६५० मिमीवर धरला तर अर्धं अंतर भागिले उंची हे प्रमाण ०.९४ येतं. तोच १०० मिमीनं वर गेला की ०.८१. रस्त्याला पकड चांगली असेल आणि हे प्रमाण एवढं खाली असेल तर घाटातल्या वळणावर गाडी घसरायच्या आधी उलटते. रविवारी घरची माणसं घेऊन वरंधा घाट उतरायच्या गाडीला हे करू नये, हे माझं स्पष्ट मत.

घाटमाथा
तोलाचा मुद्दा मान्य. मी सपाट माळावरच्या, कमी वेगाच्या गाडीचा विचार करत होतो. रस्त्यावरच्या गाडीला पर्याय १ च. तिसऱ्या पर्यायाबद्दल एवढंच: रुंद पाट्यांना रुंद ब्रॅकेट लागतात, ते चासीच्या बाहेर किंवा आत सरकतात आणि वजन चासीच्या भिंतीवर न पडता बाजूला पडून तिला पिळतं. शिवाय आतल्या बाजूला वळताना टायर पाट्याला घासतो. चौथा पर्याय, कॉइल, म्हणजे अ‍ॅक्सल धरून ठेवायला वेगळे आर्म आणि आडवा रॉड, त्यांचे चासीवर नवे ब्रॅकेट. पाटा नुसता स्प्रिंग नसतो, अ‍ॅक्सल जागेवर धरतो तोच.

सुकाणू
या गाडीच्या पुढच्या पाट्यांची एक खासियत ध्यानात घ्या: शॅकल पुढच्या टोकाला आहे, पक्का पिव्हट मागे. म्हणून 'थोडे लांब शॅकल टाका, गाडी उचलते' हा स्वस्त उपाय इथे घातक ठरतो. शॅकल १ इंच लांब केला तर गाडी अर्धा इंचच उचलते, पण पाटा पुढे खाली झुकतो, अ‍ॅक्सलचं डोकं पुढे कलतं आणि कॅस्टर (चाक ज्या उभ्या पिनवर वळतं तिचा मागे असलेला कल) दीड अंशानं घटतो. मूळ कॅस्टरच ३ अंश. उरलेल्या दीड अंशात वळणानंतर स्टेअरिंग परत येत नाही आणि ५०-६० च्या वेगाला पुढची चाकं थडथडायला लागतात.

कारखान्याची मापं: कॅस्टर ३ अंश, कँबर (चाकाचा वर बाहेर कल) दीड अंश, टो-इन (चाकं पुढच्या अंगानं किती आत वळलेली) १.२ ते २.४ मिमी. कॅस्टर कमी भरला तर पाटा आणि अ‍ॅक्सलच्या बैठकीमध्ये पोलादी पाचर घाला, जाड बाजू पुढे. २ अंशांपेक्षा जास्त पाचर नको, पुढच्या शाफ्टचा कोन बिघडतो. अ‍ॅल्युमिनियमची पाचर अजिबात नको, ती पिचते आणि यू-बोल्ट सैल होतात.

चाकं थडथडली की लोक आधी स्टेअरिंग डँपर लावतात. त्यानं खूण झाकली जाते. क्रम असा धरा: किंगपिनची (चाक वळवणाऱ्या उभ्या पिनची) बेअरिंग, बेलक्रँक (स्टेअरिंगची ओढ दोन्ही टाय रॉडना देणारा मधला आर्म), टाय रॉडची टोकं, मग रॉस बॉक्स, म्हणजे स्टेअरिंग बॉक्स. किंगपिनला शिम (पातळ चकत्या) कमी-जास्त करून, ऑइल सील काढलेलं असताना, आर्मच्या भोकात स्प्रिंग काटा अडकवून ओढा: साडेपाच ते सात किलोला नकल (चाक धरणारा वळता भाग) हलायला हवा. दोन बोटांनी हलत असेल तर शिम काढायला हवेत. बेलक्रँकला वरखाली हातानं हलवल्यावर जाणवेल एवढा खेळ असेल तर पिन आणि बेअरिंग दोन्ही बदला, नुसती बेअरिंग बदलून जुन्या चर पडलेल्या पिनवर चढवू नका. टो-इन लावताना बेलक्रँक आधी मधोमध उभा करा, मग दोन्ही टाय रॉड वेगवेगळे लावा. एकाच रॉडवर सगळं माप काढलं तर एका बाजूला गाडी कमी वळते.

ओळंबा
शॉकअपबद्दल थोडक्यात. दुकानात नाव सांगून घेऊ नका, लांबी घेऊन जा. पाटे बसवल्यावर जॅकनं अ‍ॅक्सल बंप रबराला टेकेपर्यंत उचला, दोन माउंटमधलं अंतर मोजा. शॉकअपची मिटलेली लांबी त्यापेक्षा १५ मिमी तरी कमी हवी, नाहीतर मोठ्या खड्ड्यात शॉकअपच बंप रबर होतो आणि माउंट चासीतून उपटतो. मग अ‍ॅक्सल लोंबकळू द्या, उघडलेली लांबी त्याहून १५-२० मिमी जास्त हवी. शॉकअप उभ्यापासून ३० अंश कलला तर त्याचा परिणाम पाऊणपट होतो, ४५ अंशांवर निम्मा. खूप आडवे माउंट करू नका.

दस्तऐवज
यांत्रिकी सांगणारे बरेच आहेत, मी कागदांचं सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत फेरफार करायला मनाई करतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही आर.सी.वर नोंदलेल्या कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाहीत असं म्हटलं.

तुमच्यासाठी जास्त महत्त्वाचं: गाडी १९६९ ची, म्हणजे ५० वर्षांच्या वर. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ती विंटेज म्हणून 'व्हीए' मालिकेत नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण अट अशी की गाडी मूळ रूपात असावी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल नसावा. पाटे वर घेणं, कॉइल, पूर्ण बॉक्सिंग केलंत तर ही वाट बंद होऊ शकते. चिरेची दुरुस्ती ही दुरुस्तीच आहे, तरी आधीचे आणि नंतरचे फोटो तारखेसह ठेवा. आणि चासी नंबर कोरलेल्या जागी ब्लास्टिंग, ग्राइंडर, वेल्ड काहीही जाऊ देऊ नका. तिथे जाड टेप लावून झाकून घ्या. हेही लक्षात असू द्या की विंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापरासाठी नसते; रॅली, प्रदर्शन, इंधन भरणं, देखभाल अशा कारणांसाठीच ती रस्त्यावर आणता येते. कोकणच्या दर रविवारच्या फेऱ्या हव्या असतील तर नेहमीच्या नोंदणीचं नूतनीकरण बघा.

रानवाट
पर्याय १ ठरला. नोंदणी नेहमीचीच ठेवतो, पण बदल असे करणार नाही की पुढे व्हीएची वाट बंद होईल. जोडणीचा क्रम आणि आवळायची मापं कुणी देईल का?

कमानदार
पाटे आधी पिव्हटला, मग शॅकलला, बोल्ट हातानं आवळून सोडा. शॅकल आट्यांचे असतील तर त्यातल्या काहींना डावे आटे असतात. त्यांच्यावर ओळखीसाठी छोटा उंचवटा घडवलेला असतो. न बघता जोर लावला तर बुशचे आटे जातात. आट्यांचा बुश शेवटपर्यंत आवळून अर्धा फेरा मागे घ्या, मग ग्रीस भरा.

सेंटर बोल्टचं डोकं अ‍ॅक्सलच्या बैठकीतल्या भोकात पूर्ण बसलं आहे ना, हे यू-बोल्ट घालण्याआधी बघा. डोकं काठावर बसलं तर अ‍ॅक्सल वाकडा राहतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते. यू-बोल्ट नवेच घ्या, जुने एकदा ताणले गेलेले असतात. चारही नट आळीपाळीनं, कोपरा सोडून कोपरा, ५० ते ५५ फूट-पाउंड, म्हणजे ६८ ते ७५ न्यूटन-मीटर.

पिव्हटचे रबरी बुश मात्र आत्ता आवळू नका. इंजिन, बॉडी, टाकी, सगळं चढवून गाडी चाकांवर उभी करा, पुढे-मागे ढकलून बसू द्या, आणि मग २७ ते ३० फूट-पाउंडला आवळा. पाटे लोंबकळत असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं, गाडी दोन बोटं उंच उभी राहते आणि वर्षभरात बुश फाटतात.

पहिल्या १०० किलोमीटरला यू-बोल्ट पुन्हा टॉर्क पान्यानं बघा, मग ५०० ला. नवे पाटे या काळात १०-१५ मिमी बसतात, म्हणून कॅस्टर आणि टो-इन पक्कं मोजायचं ते ५०० नंतरच.

ठिणगी
त्याच ५०० च्या तपासणीत स्टेअरिंग बॉक्सजवळच्या वेल्डवर पुन्हा एकदा डाय मारा. तिथे रंगाचा शेवटचा हात तोवर देऊ नका, नुसता प्रायमर ठेवा.